सरपंचाच्या मायचा जबाब

माह्या घरावर जेसीबी चालवला तो माह्या पोटच्या पोरानं, अन् चालवायच्या अगोदर त्या जेसीबीपुढं माह्याच हातानं नारळ फोडून घेतला. आता बोला. गाव म्हनते, तुळसाबाई लय जहरी बाई, पोराची खुर्ची खाल्ली. खाल्ली, हो. नाही कायले म्हनू? पन काहून खाल्ली हे इचाराले कोनी येत नाही, मले पाह्यलं का तोंड फिरवून निघून जातात. तू येऊन बसली हायेस तर आयक. चहा मंग करू.

आमचं गाव रिठदच्या पलीकडे, डांबरी सोडली का आत. नाव नाही सांगत, नाव सांगून कोनाचं भलं झालं? आमी माळी. भाजीपाला पिकवाचा अन् रिसोडच्या बाजारात नेऊन इकाचा, हे आमचं काम. गावाच्या उगवतीले ई-क्लास हाये, म्हंजे सरकारी गायरान. त्याच्यावर चाळीस घरं. बहुतेक बंजाऱ्यायचे, बाकी मजुरायचे, अन् एक माहं होतं. बावीस वर्सांआधी माह्या मालकानं बांधलं. नाव घेते आता, मेल्या मानसाची कायची लाज, शालिकरामनं बांधलं. मातीत इटा लावून दोन खोल्या, वर टीन, मांगं अर्धा एकर वाफे. वांगे, मेथी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, बरबटीच्या शेंगा, सारं पिकत होतं. जागा सरकारची हे आमाले बी मालूम होतं अन् सरकारले बी. पन लाइटचं मीटर लागलं, घरटॅक्साची पावती दरसाल भेटली. टॅक्स घेतेवक्ती कोनी म्हनलं नाही का बाई, तू चोर हायेस.

पोरगा एकच, गोपाल. शालिकराम गेल्यावर त्यानं गावात सिलॅपचं घर बांधलं, बी-खताचं दुकान टाकलं, तनुजासंगं लगन केलं अन् मले आपल्याकडे नेलं. दोन वर्सं राह्यली मी तिथं. तनुजाले माह्या आंगाचा मेथीचा अन् मातीचा वास खपे ना. माह्या खोकल्यानं तिची झोप मोडे. नात झाली, राधिका, तिले मी मांडीवर घेतलं का सून लगेच पोरीचं आंग पुसून काढे. एक दिवस सकाळी उठून पाहते तं माही खाट अन् पेटी टॅक्टरच्या ट्रालीत. गोपाल म्हने, माय, तुले मळ्यातच करमते. भांडन नाही, तंटा नाही. एवढंच बोलला अन् टॅक्टर सुरू केला.

आता ही गोष्ट मी कोन्या तोंडानं सांगू? पोरानं हाकललं असं सांगतलं तर लोक पोराले नाव ठेवतीन अन् मले बी. मी सांगत गेली का मलेच मळ्यात बरं वाटते, जेवाचा डबा पोराघरून येते. अन् नुसतं सांगून भागत नाही, दाखवा लागते. मंग मी काय केलं, सकाळी आपल्याच चुलीवर भाकर-बेसन कराचं, स्टीलच्या डब्यात भराचं, भाजीच्या टोपल्यात खाली लपवाचं. गावात भाजी इकून झाली का टोपलं रिकामं, अन् डबा हातात धरून वस्तीतून वापस याचं. शेजारचा रूपला राठोड इचारे, काय धाडलं व सुनेनं आज? मी सांगे, आलूची भाजी. सहा वर्सं मी माहाच डबा गावातून फिरवून आनून खाल्ला. हासू नको. इज्जत अशीच राखा लागते.

रेशनकार्ड तेवढं माहं येगळं होतं, पिवळं. त्याचं काही नाही, धान्यासाठी कागदावर अर्धा गाव येगळा असते अन् पंगतीले एकत्र असते. त्या कार्डावरून कोनी काही समजत नाही. हे ध्यानात ठेव, पुढं कामाचं हाये.

मंग सरपंचाची निवडनूक लागली. आता सरपंच थेट लोकायच्या मतानं होते, मेंबरायच्या हातात नाही राह्यलं. गोपाल उभा राह्यला, चिन्ह भेटलं कपबशी. समोर जानराव. जानराव दहा वर्सं सरपंच होता, वावरं मोप, बोलनं गोड, अन् डोळा ई-क्लासवर. वस्ती हटवून तिथं गोडाऊन बांधाचं त्याच्या मनात होतं, हे शेंबड्या पोरालेबी मालूम. गावाची मतं अर्धी इकडे अर्धी तिकडे. फैसला करनार होती ई-क्लासची चाळीस घरं.

गोपाल प्रचाराले वस्तीत आला तं माह्याच आंगनात उभा राह्यला. सहा वर्सांत पह्यल्यांदा. संगं पॅनलचे पंधरा जन, गळ्यात पट्टे. म्हने, निवडून आलो का हे सारे घरं तुमच्या नावावर करून देतो. रूपला सिधा मानूस हाये पन बह्याड नाही, येडा नाही. त्यानं इचारलं, भाऊ, इश्वास कायचा? तवा गोपालनं माह्या खांद्यावर हात ठेवला.

"माही माय अठी राह्यते," तो म्हने. "मी माह्या मायचं घर मोडू देईन का?"

बस. जामीन मी झाली. त्या हातानं मी कशी पाघळली ते काय सांगू बाप्पा, सहा वर्सांत त्या पोराचा हात माह्या आंगाले लागला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी टोपलं घेऊन घरोघरी. भाजीवर मूठभर सांबार फुकट, अन् बाई, कपबशी ध्यानात ठेवजो. रूपलाची माय डोळ्यानं आंधळी, तिले मी हाताले धरून बूथवर नेलं. गोपाल अकरा मतानं निवडून आला. फक्त अकरा. गुलालात न्हालेला आला, पाया पडला, मी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. त्या दिवशी मी सुखी होती, खोटं कायले बोलू. वाटलं, आता पोरगं मले घरी नेते.

जानराव काही गप बसनारा नव्हता. त्यानं वाशीमले कलेक्टर साहेबाकडे तक्रार टाकली. कायदा असा हाये का सरपंच नाहीतर त्याच्या घरचं मानूस सरकारी जाग्यावर बसलेलं असन तर सरपंचपद जाते. बाकी एकोनचाळीस घरायचं कोनाले काही देनंघेनं नव्हतं, त्यायच्यातून कोनी सरपंच झालं नव्हतं. अडचन फक्त माह्या घराची. निवडून याले जे घर कामी आलं, तेच गळ्यात अडकलं.

हे मले तवा कोनी सांगतलं नाही. गोपाल आला, म्हने, माय, वस्तीत नळाची पाइपलाइन आनून राह्यलो, उद्या जेसीबी येते, उद्घाटन तुह्या हातानं कराचं. मी रात्रभर झोपली नाही व. सकाळी लुगडं नेसली, तेच एक बरं होतं. जेसीबी आला. मी त्याच्या बकीटले हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, वस्तीतल्या लेकरायले खोबरं वाटलं. पॅनलचा एक जन मोबाइल धरून उभा. गोपाल पाया पडला. मंग मोबाइलकडे तोंड करून बोलाले लागला का कायदा साऱ्यायले सारखा हाये, ही माही माय हाये, हे माह्या घरचं अतिक्रमन हाये, अन् सुरुवात मी आपल्या घरापासून करून राह्यलो. मी हासूनच उभी होती. माह्या डोक्यात पाइपलाइन. जेसीबी वळला तवा मले वाटलं, गडी रस्ता चुकला.

खाट, पेटी अन् भांडे काढू देले, तेवढी मेहेरबानी. टिनाच्या अन् भिंतीच्या सांदीत मी वांग्याचं बी ठेवत होती, काटेरी वांग्याचं, बावीस वर्सांपासून घरचंच. ते काढाले आत गेली तं दोघायनं मले धरून बाहेर ओढलं. दहा मिन्टात दोन्ही खोल्या बसल्या. मंग जेसीबी वापस फिरवाले जागा पायजे होती तं तो वाफ्यायतून फिरवला, उभी मेथी. मी गोपालले म्हनली, निदान मेथी तोडू द्याची होती. तो मोबाइलमंदी व्हिडिओ पाहून राह्यला होता. म्हने, माय, तू मस्त दिसून राह्यली याच्यात.

तो व्हिडिओ साऱ्या तालुक्यात फिरला. रिसोडच्या बाजारात बाया मले वळखू लागल्या, म्हने, वा तुळसाबाई, सरपंचाची माय असावी तं अशी, स्वताच्या घरावर स्वता नारळ फोडला. मी काय बोलू त्यायले? रूपलानं आपल्या ओसरीत खाट टाकू देली. एका बाजूनं त्याच्या बकऱ्या बांधलेल्या, दुसऱ्या बाजूनं मी.

बारा दिवसांनं गोपाल अन् तनुजा ओसरीत आले. संगं सफरचंद, एक नवीन लुगडं, अन् वकिलानं लिहून देलेला कागद. मले वाटलं, न्याले आले. मी पेटीले हात बी घातला होता. तं गोपाल खाली बसला अन् सांगू लागला का घर पाडून भागलं नाही, जानराव म्हनते, पाडलं म्हंजे होतं, अन् व्हिडिओत याच्याच तोंडानं हाये का हे माह्या घरचं. आता वकील म्हनते, एकच रस्ता हाये. माय अन् पोरगा येगळे हायेत, येगळी चूल हाये, पोराचा मायशी काही संबंध नाही, हे साहेबापुढं मायनं सांगाचं. कार्डावर साहेब इश्वास ठेवत नाही. साहेबाले मायच्या तोंडून पायजे.

"खरंच तं सांगाचं हाये, माय," गोपाल म्हने. "मी तुले सांभाळत नाही. सहा वर्सं झाले तू येगळी शिजवते. एवढंच."

"अन् सहा वर्सं मी लोकायले जे सांगत आली, ते?"

"ते लोकायले सांगत जाय. साहेबाले खरं सांग."

म्हंजे त्याले मालूम होतं. डब्याचं सारं मालूम होतं. मी हातात डबा धरून त्याच्या दुकानावरून जात होती, अन् तो गल्ल्यावर बसून पाहत होता, अन् त्यानं एक दिवस म्हनलं नाही का माय, आन तो डबा, भरून देतो. माह्या आंगाची अशी आग झाली का काय सांगू. मी फक्त इचारलं, माह्या घराचं काय? तो म्हने, निकाल लागू दे, मंग पाहू. हे मंग पाहू मी प्रचारात त्याच्या तोंडून गंज वेळा आयकलं होतं. नालीचं मंग पाहू, रस्त्याचं मंग पाहू.

तनुजानं माही तालीम घेतली. तिथंच, बकऱ्यायपुढं. ती साहेब झाली, मी मी. मुलगा सांभाळतो का? नाही. जेवायला देतो का? नाही. आजारी पडल्यावर येतो का? नाही. मोठ्यानं बोला आत्याबाई, आयकू आलं पायजे. सात वेळा म्हनून घेतलं. रूपलाची बायको आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला होता. सहा वर्सांची माही इज्जत त्या बाईनं एका घंट्यात ओसरीत मांडून ठेवली, अन् जातेवक्ती म्हने, छान जमलं.

वाशीमले तारखेच्या दिवशी मी नवीन लुगडं नेसून गेली. साहेब भला मानूस, मले खुर्ची देली, पानी देलं. जानरावच्या वकिलानं व्हिडिओ लावला. गोपालच्या वकिलानं कार्ड दाखवलं. साहेबानं दोन्ही बाजूले सारलं अन् माह्याकडे पाह्यलं.

"आजी, घाबरू नका. तुम्ही मुलाजवळ राहता की वेगळ्या?"

गोपाल माह्याकडे पाहून राह्यला होता. तनुजा मांगं उभी, ओठ हालवून राह्यली होती, नाही, नाही. मले शालिकराम आठवला नाही, देव आठवला नाही. मले मेथी आठवली.

"येगळी कायची साहेब," मी म्हनली. "माह्या पोरासारखा पोरगा साऱ्या जिल्ह्यात नाही. मळ्यात मी फक्त निजाले राहत होती, राखनीसाठी. चूल आमची एकच. माही सून रोज डबा धाडते. साऱ्या वस्तीनं पाह्यलेला हाये तो डबा, कोनालेबी इचारा. खोकला आला तं पोरगा रातीतून डाक्टर आनते. मले येगळं काढाचं त्याच्या सपनातबी येत नाही."

गोपाल उठून उभा राह्यला. माय खोटं बोलून राह्यली म्हने. साहेबानं शांतपनं इचारलं, म्हणजे तुम्ही आईला जेवायला देत नाही? आता त्याले तोंडानं बोलनं पडलं, जानराव, दोन वकील, चपराशी, साऱ्यायपुढं. नाही देत साहेब. मी मायले काही देत नाही. सहा वर्सं झाले, मी तिले घरातून काढलं. येवढ्या मोठ्यानं बोलला का बाहेरचे लोक दारात जमा झाले. अन् गंमत पाह्य, जल्मात पह्यल्यांदा पोरगं खरं बोललं अन् कोनी इश्वास ठेवला नाही. साहेबानं त्याच्याकडे असं पाह्यलं का जसा घानीत पाय पडला. जानरावनं नोटीस काढून बोलावलेले वस्तीतले चार जन उभे केले, रूपला बी होता त्यायच्यात. रूपलानं शपतेवर सांगतलं, डबा रोज यायचा, म्या डोळ्यानं पाह्यला. तो खोटं नव्हता बोलत. त्यानं डबा पाह्यलाच होता.

मी आंगठा देला. पदर डोक्यावर घेतला अन् दिष्ट काढल्यासारखी पोराच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. साऱ्यायपुढं. ते मले करा नव्हतं लागत, जबाब झालाच होता. पन मले ते कराचं होतं.

वीस दिवसांनं कागद आला. गोपाल अपात्र, सरपंचपद गेलं. मले गोड वाटलं. पोटभर जेवल्यासारखं वाटलं, खोटं नाही सांगत. चार दिवस वाटलं.

पाचव्या दिवशी ग्रामसेवक घरकुलाची यादी घेऊन वस्तीत आला. ज्याले घर नाही, जागा नाही, त्याले सरकार जागा अन् घर देनार. मी रांगेत पह्यली. माह्यापेक्षा बेघर कोन हाये? ग्रामसेवकानं माहं नाव पाह्यलं, थैलीतून तोच वाशीमचा कागद काढला, अन् वाचून दाखवला. सदर महिला मुलासोबत एकत्र कुटुंबात राहते, चूल एकच आहे. मुलाचे पक्के घर आहे. म्हने, आजी, तुमचं नाव नाही बसत. मी म्हनली, अरे, मी ओसरीत निजते, बकऱ्यायजवळ, तुह्या डोळ्यापुढं. तो म्हने, मला दिसतंय, पण तुमचा अंगठा आहे यावर.

गोपालच्या दारात गेली मी त्या दिवशी. लाज सोडून गेली. कागद दाखवला, म्हनली, सरकार म्हनते मी तुह्या घरात राहते, मंग राहू दे. तो दारात आडवा उभा राह्यला. अमरावतीले अपील टाकलं होतं त्यानं, तिथं त्याले दाखवाचं होतं का आमी येगळे हावो. म्हने, अपिलाचा निकाल लागेपर्यंत या उंबऱ्याच्या आत पाय नाही. राधिका मांगून पाहून राह्यली होती. आठ वर्साची झाली आता. पह्यले मळ्यात येऊन कच्ची बरबटी खात बसे, आता रस्त्यानं मी दिसली का पलीकडून जाते. मी तिले हाक मारली तं तिनं आपल्या मायकडे पाह्यलं अन् आत गेली. हे मले लागलं. जेसीबी येवढा नव्हता लागला.

रूपला निघ म्हनत नाही. पन त्याची बायको आता भाकर देतेवक्ती ताट जरा जोरानं ठेवते, अन् मी बी समजते. त्यायचं बी काय चुकलं? त्यायले वाटते, जानराव आला का त्यायची घरं जातीन, अन् आनला तो मी. रूपला एक दिवस म्हने, तुळसामाय, तू असा कसा जबाब देला? मी म्हनली, तू नाही देला? तो उठून बकऱ्यायले चारा टाकाले गेला.

अमरावतीच्या तारखेच्या आदल्या दिवशी गोपाल एकटाच आला. बसला अन् रडाले लागला. डोळ्यातून खरं पानी. खुर्चीसाठी होतं पन खरं होतं. म्हने, माय, आता फक्त खरं सांग. वाशीमले लोकायच्या लाजेनं खोटं बोलली म्हन, पोरानं हाकललं म्हन, काय पायजे ते म्हन, मले शिव्या दे. मले पद वापस भेटन, तुले घरकुल भेटन, कागदावर तू येगळी झाली का नाव आपोआप बसते. राधिकाले रोज धाडीन तुह्याकडे. वस्तीची घरं वाचवीन. साऱ्यायचं भलं होते माय, तू फक्त खरं बोल.

अन् तो बरोबर होता. हेच तं. एक शब्द त्याच्यात चूक नव्हता. मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याच्या संगं यष्टीत बसून अमरावतीपर्यंत हाच इचार करत गेली. मले घर पायजे होतं. चार भिंती, एक चूल, मांगं दोन वाफे, नातीच्या हाताले बरबटी. याच्याउप्पर मले काही नव्हतं पायजे. मनात जबाब तयार झाला होता, सात वेळा म्हनून घेतलेला होताच. कारंजा गेलं तवर पक्कं झालं होतं का सांगाचं. मंग अमरावतीच्या त्या कचेरीत, आत जायच्या अगोदर, गोपालनं वकिलाले इचारलेलं मी आयकलं.

"ही नीट बोलन ना? बह्याड हाये, हिचा भरोसा नाही."

हळूच बोलला होता. त्याले वाटलं मी पानी पिऊन राह्यली.

आत साहेबानं इचारलं का पहिला जबाब बदलायचा आहे का. मी म्हनली, नाही साहेब, कायले बदलू, पोरगा माहा लाखात एक हाये. एवढंच. दुसरा आंगठा देला. तवा मले मालूम होतं का मी काय देऊन राह्यली. मले घर पायजे होतं, पन त्याले खुर्ची नाही भेटली पायजे हे मले जास्त पायजे होतं. लोक म्हनतात मायचं काळीज. हे बी मायचंच काळीज हाये.

वापस येतेवक्ती एकच यष्टी होती रिसोडची. तो समोर बसला, दोन सीटा पुढं, मी मांगं. मंगरूळपीर येईपर्यंत त्यानं एक वेळा मान वळवली नाही. तिथं कंडक्टर बदलला. नवीन कंडक्टर बाई होती, पोरगीच, भली बोलकी. तिनं मले पाह्यलं, म्हने, आजी, एवढ्या लांबून येऊन राह्यल्या, संगं कोन हाये?

"कोनी नाही व बाई," मी म्हनली. "पोरगा होता, त्यानं सहा वर्सांआधीच घरातून काढलं मले."

साऱ्या यष्टीनं आयकलं. गोपालनं बी आयकलं. तो वळला अन् माह्याकडे पाह्यलं, तोंड उघडं. कंडक्टर बाई म्हने, अरे देवा, असा कसा पोरगा? मी तिकीट पुढं केलं. तिनं ते पाह्यलं अन् पुढं गेली.